साडेसत्तावीस मिलिमीटर पोकळी

स्वयंपाकघरातला नळ गळत होता म्हणून प्लंबर आला होता. नळाचं काम दहा मिनिटांत आटोपलं, पण जाता जाता त्याची नजर टेबलावर गेली. आदल्या दिवशी पार्सलने आलेली एक काळी, जाडजूड कडी मी तिथे ठेवली होती. त्याने ती उचलली, आतून बोट फिरवलं, खिडकीकडे धरून आरपार पाहिलं आणि म्हणाला, "काका, हा रिड्यूसर कुठल्या लाइनचा? आटे फारच बारीक आहेत."

महिनाभर मी ही वस्तू म्हणजे काय हे घरातल्या शिकल्यासवरलेल्या माणसांना समजावत होतो. बायकोने मान डोलावली होती, मुलीने "हो का" म्हटलं होतं, जावयांनी तर आदराने विषय बदलला होता. या गृहस्थाला एका बोटात कळलं.

"एका बाजूला जुनी लाइन, दुसरीकडे नवी," मी म्हणालो.

"आणि मधे हा. आत वायसर नाही?"

"नाही."

"काच?"

"काहीच नाही. पोकळ आहे."

"कितीला?"

"नऊशे."

त्याने कडी हळूच होती तिथे ठेवली. "पोकळीचे नऊशे," तो स्वतःशीच म्हणाला. मग नळाच्या वायसरचे दीडशे मागताना त्याचा आवाज नेहमीपेक्षा मोकळा लागला, असं मला वाटलं. जिना उतरता उतरता त्याने फुकटचा सल्लाही दिला, "हलत असेल तर टेफलॉन मारा थोडी."

पोकळीचे नऊशे हे खरंच आहे. पण ही पोकळी मापात कापलेली आहे. फिल्मच्या काळातल्या एसएलआर कॅमेऱ्यात लेन्स आणि फिल्म यांच्यामध्ये पंचेचाळीस अंशांत कललेला एक आरसा असे. लेन्समधून आलेला उजेड त्याच्यावरून वर जायचा, डोक्यावरच्या लोलकात वळसे घ्यायचा आणि आपल्या डोळ्यात उतरायचा. बटण दाबलं की आरसा खाडकन वर, फिल्मवर उजेड, आरसा पुन्हा खाली. या उठबशीला जागा लागते. म्हणून लेन्सने फिल्मपासून जरा अदबीने, अंतर राखून उभं राहायचं. किती अंतर, ते ज्या त्या घराण्याचं ठरलेलं. निकॉनने १९५९ पासून ४६.५ मिलिमीटर पाळलं, कॅननच्या जुन्या एफडी लेन्सांनी ४२, आणि माझ्याकडे आलेली लेन्स ज्या घराण्यातली आहे त्या एम-फॉर्टीटूने, म्हणजे बेचाळीस मिलिमीटर व्यासाच्या आटेवाल्यांनी, ४५.४६. दशांशानंतरचे दोन आकडेसुद्धा सोडायचे नाहीत, अशी ही सोवळ्यातली मंडळी.

पुढे कुणीतरी आरसाच काढून टाकला. पॅनासॉनिकचा जी-वन २००८ मध्ये आला, सोनी २०१० मध्ये उतरली, आणि २०१८ मध्ये निकॉन आणि कॅनन या दोन मोठ्या घराण्यांनीही फुल फ्रेममध्ये आरशाला निरोप दिला. आरसा गेल्यावर त्याची खोली रिकामी झाली, आणि रिकामी खोली कुणी ठेवत नाही. लेन्स आत सरकली. सोनीत अंतर १८ मिलिमीटरवर आलं, निकॉनच्या झेडमध्ये १६ वर. आता ४५.४६ मधून १८ वजा करा. उरतात ते २७.४६. जुन्या लेन्सला सवय आहे तेवढं अंतर परत द्यायचं, बाकी तिच्या कामात लुडबुड करायची नाही, एवढंच त्या नऊशे रुपयांच्या कडीचं काम. उलटं मात्र जमत नाही. नवी लेन्स जुन्या कॅमेऱ्याला लावायची तर ती त्याच्या पोटात शिरावी लागेल. असं मी त्या दिवसांत ऐकेल त्याला ठासून सांगत असे.

या कॅमेऱ्यांचं नावही मला गमतीचं वाटतं. मिररलेस. जे आहे त्यावरून नाव न ठेवता जे नाही त्यावरून ठेवायचं, ही पद्धत आपल्याला नवीन नाही. बिनतारी, बिनविरोध, विनाथांबा, विनाअनुदानित. पण आमच्या घरी आगफाचा क्लिक थ्री होता, त्यातही आरसा नव्हता. त्याला बिचाऱ्याला कुणी मिररलेस म्हटलं नाही. मधे काही वर्षं सासरी आरसा नांदून गेला, म्हणूनच त्याच्या नसण्याला किंमत आली.

मी घेतला तो सोनीचा ए-सेव्हनचा दुसरा अवतार, २०१४ सालचा, एका ओळखीच्या मुलाकडून वापरलेला. घ्यायच्या आधी मी दोन महिने अभ्यास केला. कॅमेऱ्यांची परीक्षा करणाऱ्यांची एक जात असते. ही माणसं विटांच्या भिंतींचे फोटो काढतात. भिंतीचा कोपरा दुपटीने, चौपटीने मोठा करून पाहतात आणि उसासा टाकतात. मग मांजर. मांजराच्या डोळ्यावर फोकस बसला तर कॅमेरा उत्तम, मिशीवर बसला तर मध्यम. मीही एक वही केली. चोवीस मेगापिक्सेल, पाच दिशांनी हात स्थिर ठेवणारी यंत्रणा, फोकस धरणारे एकशे सतरा बिंदू, डोळा लावायच्या काचेत तेवीस लाखांहून जास्त ठिपके. मुलीच्या लग्नाच्या वेळीही मी इतकी चौकशी केली नव्हती, हे बायकोने बोलून दाखवलं.

आणि मग त्याला नानांची लेन्स लावली. त्याबरोबर ते एकशे सतरा बिंदू भरपगारी रजेवर गेले.

कारण जुन्या लेन्सला मोटार नाही, वायर नाही, चिप नाही. कॅमेरा तिला ओळखतच नाही. पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हा त्याने फोटो काढायलाच नकार दिला. लेन्स लावलेली नाही, असं त्याचं म्हणणं. शेवटी मेनूच्या पोटात शिरून, लेन्स नसली तरी बटण चालू दे, अशी त्याची समजूत घालावी लागली. हात स्थिर ठेवणाऱ्या यंत्रणेलाही ही पन्नास मिलिमीटरची आहे असं स्वतः सांगावं लागतं. एवढं करूनही छिद्राचा आकडा दाखवायच्या जागी इंग्रजी एफ आणि पुढे दोन आडव्या रेघा. फोटोच्या माहितीतही लेन्सच्या नावाची जागा कोरी. घरी आलेल्या वडीलधाऱ्यांचं नाव विचारायचं राहून जावं आणि नंतर विचारायची लाज वाटावी, तसं.

नाना म्हणजे माझे काका. मुंबईला गोदीत कारकून होते. १९७१ साली बोटीवरच्या एका मित्राने त्यांना जपानहून आसाही पेंटॅक्सचा स्पॉटमॅटिक आणून दिला. त्यावरची लेन्स सुपर ताकुमार, पन्नास मिलिमीटर, एफ १.४. त्या काळी फिल्म महाग, धुणं महाग, आणि नाना गोदीत कारकून. छत्तीस फोटोंचा एक रोल गणपतीत चढायचा तो शिमग्याला उतरायचा. आमच्या घराण्याचे अल्बम पाहिले तर आरती, कंदील, कुणाची तरी मुंज आणि होळी ही सगळी एकाच पट्टीवरची शेजारीपाजारी. फोटो काढण्याआधी नाना "किती राहिले?" असं स्वतःलाच विचारत आणि कॅमेऱ्यावरचा आकडा पाहत. आम्ही मुलं श्वास रोखून उभी. बऱ्याचदा आकडा पाहून ते कॅमेरा पुन्हा पेटीत ठेवत.

ती पेटी चामड्याची, हीच गडबड झाली. नाना निवृत्त होऊन गुहागरला गेले, कॅमेरा चामड्याच्या पेटीत, पेटी ट्रंकेत, ट्रंकेत डांबराच्या गोळ्या. डांबराच्या गोळ्यांनी झुरळं पळतात, बुरशी पळत नाही. चामडं कोकणातली हवा पिऊन बसतं आणि आतल्या काचेला पाजत राहतं. पडदा कुजून कॅमेरा गेला. लेन्स वाचली, पण कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखे चार तंतू उमटले होते. ते मी तसेच ठेवले आहेत. समोरून ऊन आलं तर फोटो किंचित धुरकट होतो, एरवी पत्ता लागत नाही. लेन्स विकणारे बॅटरीचा उजेड मारून तंतू मोजतात. मी मोजायचं बंद केलं आहे.

बुरशीपेक्षा पिवळेपणा जास्त होता. लेन्स पांढऱ्या कागदावर धरली की कागद हळदीचं बोट लावल्यासारखा दिसे. आधी वाटलं तंबाखूचा धूर असेल. पण नाना सुपारीच्या पलीकडे गेलेले नाहीत. मग कळलं की या लेन्सच्या एका काचेत थोरियम आहे. थोरियमचं ऑक्साइड मिसळलं की काच उजेड जास्त वाकवते आणि रंग फारसे फाकू देत नाही, म्हणून त्या काळी ते वापरत. थोरियम किंचित किरणोत्सारी. हाताळणाऱ्याला त्याने काही होत नाही, पण काच मात्र वर्षानुवर्षं स्वतःच्याच किरणांनी पिवळी पडत जाते. हे मी घरात सांगायला नको होतं. तेव्हापासून लेन्सची जागा देवघराच्या शेजारच्या कपाटातून गॅलरीतल्या चपलांच्या कपाटात गेली.

उपाय मात्र सोपा. ऊन. उन्हातल्या अतिनील किरणांनी हा पिवळेपणा उतरतो, दोन-तीन आठवडे लागतात. एप्रिल चालू होता, गच्चीवर कुरडया घातलेल्या होत्या. आईच्या जुन्या सुती लुगड्यावर पांढऱ्याशुभ्र कुरडयांच्या रांगा, आणि त्यांच्या टोकाला, हवा खेळावी म्हणून पितळेच्या अडणीवर, नानांची लेन्स. नाना तेव्हा आमच्याकडे मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आले होते. जिन्याच्या सावलीत खुर्ची टाकून, हातात काठी घेऊन ते कावळ्यांवर लक्ष ठेवत. कुरडया आणि ताकुमार, दोन्हींवर एकच राखणदार.

दोन तासांनी बायको वर गेली ती नाक उडवत खाली आली. "काहीतरी जळतंय."

लुगडं जळत होतं. ज्वाळा नव्हती, अडणीच्या खाली एक बारीक काळी रेघ, इंचभर लांब, केसाएवढी, आणि तिच्या टोकाला धुराचा धागा. भिंग उन्हात ठेवलं की कागद पेटतो हे मला चौथीपासून माहीत आहे. पण मी अडणीची उंची नंतर पट्टीने मोजली. जवळजवळ साडेचार सेंटिमीटर. ज्या ४५.४६ मिलिमीटरवर मी महिनाभर लोकांना व्याख्यानं देत होतो, नेमक्या तेवढ्याच अंतरावर मी स्वतःच्या हाताने आईचं लुगडं पसरलं होतं. लेन्सचा फोकस अनंतावर, सूर्य अनंतावर. पन्नास वर्षांनी बिचारीला मापात फिल्म मिळाली आणि तिने फोटो काढला. सूर्य सरकेल तशी रेघ पुढे सरकत होती, तासाला साधारण तेरा मिलिमीटर. वेधशाळेत ऊन किती तास पडलं ते मोजायला काचेचा गोळा ठेवतात, तोही कागदावर अशीच रेघ जाळत जातो. हे मी बायकोला सांगायला सुरुवात केली होती, पण वाक्य पूर्ण करू शकलो नाही.

"मला वास आला होता," नाना म्हणाले. "मला वाटलं तुमच्याकडे कुरडया अशाच करतात."

त्यानंतर लेन्सच्या मागे ॲल्युमिनियमची फॉइल आली, आणि ती कुरडयांपासून वेगळी, पाण्याच्या टाकीवर राहू लागली.

मेच्या पहिल्या आठवड्यात नानांचा उजवा डोळा झाला. त्याआधी तपासणीच्या खोलीत एका मुलीने यंत्राने डोळ्याची लांबी मोजली. मी सवयीने आकडा विचारला. "तेवीस पॉइंट चार मिलिमीटर," ती म्हणाली. एवढं बारीक कशाला, तर यात एक मिलिमीटर चुकला तर चष्म्याचा नंबर अडीच-तीनने घसरतो. पुढच्या काचेपासून मागच्या पडद्यापर्यंतचं अंतर! मी त्या मुलीकडे इतक्या आपुलकीने पाहिलं असावं की तिने फाइल मिटली. पुढे वाचनात आलं की डोळ्यात कृत्रिम भिंग बसवायची सुरुवात हॅरॉल्ड रिडली नावाच्या डॉक्टरने लंडनमध्ये केली, १९४९ च्या नोव्हेंबरात. युद्धात वैमानिकांच्या डोळ्यात विमानाच्या खिडक्यांचे प्लास्टिकचे कपचे घुसले होते आणि डोळ्यांनी ते निमूट सहन केले होते, त्यावरून त्याला सुचलं. आणि ड्रेस्डेनचा कॉन्टॅक्स एस, ज्याच्यावर हे बेचाळीसचे आटे आले, तोही १९४९ चाच. हा निव्वळ योगायोग आहे हे मला कळतं. तरी मी वहीत दोन्ही एकाच पानावर लिहून ठेवलं.

पट्टी निघाल्यावर दोन दिवसांनी नाना हॉलमध्ये सोफ्यावर बसून समोर पाहत राहिले. मग एकदा उजवा डोळा झाकला, एकदा डावा.

"ही भिंत पांढरी आहे?"

"पहिल्यापासून, नाना."

"मला वाटलं तुम्ही बदामी रंग दिलाय. म्हटलं, असते एकेकाची आवड."

वय झालं की माणसाच्या डोळ्यातलं भिंगही पिवळं पडतं आणि निळा रंग आधी खातं. हे इतकं हळूहळू होतं की कुणाला कळत नाही. आता नानांकडे दोन्ही होतं. उजव्या डोळ्याने पांढरी भिंत, डाव्या डोळ्याने बदामी. पुढचे कितीतरी दिवस घरातली प्रत्येक वस्तू त्यांनी आळीपाळीने दोन्ही डोळ्यांनी तपासली. सुनेच्या साडीचा रंग जांभळा निघाला. गणपतीच्या फोटोमागचं आकाश निळं निघालं. विटांच्या भिंतींचे फोटो काढणाऱ्या त्या सगळ्या परीक्षकांनी मिळून इतकी चोख तुलना कधी केली नसेल.

त्याच सुमारास टाकीवरून लेन्स उतरवली. कागद पांढरा दिसत होता. अगदी दुधासारखा नाही, पण हळद उतरली होती. मी ती पुसून, कडीचे आटे धरून कॅमेऱ्यावर बसवत होतो. पूर्ण पिळल्यावर आकड्यांची खूण बरोबर वर यायला हवी, माझ्या कडीत ती घड्याळात दोन वाजल्यासारखी कलते. स्वस्त कडीचं आणखी एक असतं. फोकस कधीच कमी पडू नये म्हणून ती मापापेक्षा किंचित पातळ कापतात, त्यामुळे लेन्स अनंताच्या खुणेच्या थोडी पलीकडे जाते. नऊशे रुपयांत अनंताच्या पलीकडे. मी नानांना हे कौतुकाने सांगितलं.

"अनंताच्या पलीकडे गोखले राहतात," नाना म्हणाले. आमच्या मजल्यावरच्या दारांवरच्या पाट्या ते आता जिन्यातूनच वाचत असत.

मग ते जवळ आले, माझ्या हातातल्या जोडणीकडे पाहिलं. "तू म्हणत होतास ना, जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्याला बसते, नवी जुन्याला बसत नाही? पोटात शिरावी लागेल म्हणालास." त्यांनी उजव्या डोळ्याखाली बोट ठेवलं. "शिरली."

मी गप्प बसलो. ही हरकत वहीत लिहिण्यासारखी नव्हती.

मी कॅमेरा त्यांच्या हातात दिला. हात कापत होते, पण बोटं बरोबर जागी गेली. डाव्या हाताने लेन्सखाली आधार, अंगठा आणि मधलं बोट फोकसच्या कडीवर. या लेन्सची कडी फिरवणं हे एक स्वतंत्र सुख आहे. वंगण घातलेल्या जात्यासारखी, जड पण कुठेही न अडखळता, घरघर न करता ती फिरते. हल्लीच्या लेन्सांची कडी फिरवली की मोटारीला तार जाते आणि मोटार काय ते बघते. लेन्सवर कडेला एक चिमुकली कळ आहे, एका बाजूला ऑटो लिहिलंय, दुसऱ्या बाजूला मॅन्युअलचं अर्धं, मॅन. नानांचा त्यावरचा पन्नास वर्षं जुना विनोद आहे, रिक्षाने जायचं की माणसाने चालायचं. मी पहिल्या दिवशी ती कळ ऑटोवर ठेवली होती. त्यामुळे छिद्र कितीही मिटवलं तरी मिटत नव्हतं, आणि दिवसभराच्या प्रत्येक फोटोत कुणाची तरी एकच पापणी स्पष्ट, बाकी माणूस धुक्यात. नानांनी न बघता अंगठ्याने ती मॅनवर सरकवली.

मग डोळा लावला. नवा डोळा.

"हा टीव्ही आहे."

"हो, नाना. काच नाही, छोटा पडदा आहे आत."

"म्हणजे खरं दिसत नाहीये, दाखवतायत." ते पाहत राहिले. "उजेडसुद्धा आधीच बरोबर करून दाखवतायत. फोटो काढायच्या आधीच फोटो दिसला, मग काढायचा कशाला?"

याला माझ्या वहीत उत्तर नव्हतं. मी त्यांना फोकस धरलेल्या कडांवर उमटणाऱ्या लाल रेघा दाखवल्या. समोर बायको वाटाणे सोलत बसली होती, तिच्या केसांच्या, नाकाच्या, वाटाण्यांच्या कडांवर कुंकवाची बोटं फिरल्यासारखं दिसत होतं. "हे पुसून टाक," नाना म्हणाले. एफ १.४ वर या रेघा सर्रास खोटं बोलतात, हे मला दोन महिने वापरून समजलं होतं. त्यांना दोन मिनिटांत समजलं. मी रेघा बंद करून चित्र मोठं करायचं बटण दाखवलं. तिची पापणी पडदाभर आली. नाना कडी फिरवत राहिले, पुढे, थोडी मागे, पुन्हा पुढे, आणि थांबले.

"आता हलू नकोस गं."

"वाटाणे सोलू का नको?"

"सोल. डोकं हलवू नकोस."

बटण दाबलं. आरसा नसल्यामुळे तो ओळखीचा खाडकन आवाज झाला नाही, नुसतंच कुठेतरी दार लोटल्यासारखं वाजलं. नानांनी कॅमेरा खाली घेतला आणि त्याच्या डोक्यावर, पूर्वी जिथे आकड्यांची खिडकी असायची तिथे पाहिलं. तिथे आता एक चकती होती. त्यांनी तिच्यावरून बोट फिरवलं.

"किती राहिले?"

मी मागच्या पडद्यावर पाहिलं. "एक हजार चारशे बारा."

नानांनी जरा विचार केला, आणि कॅमेऱ्याचा पट्टा मानेतून काढून माझ्याकडे दिला. "शिमग्यापर्यंत पुरवायचेत," ते म्हणाले, आणि वाटाणे सोलायला बसले.